मधल्या पक्ष्यावरचा उजेड

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा दागिने घडवणे, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हात मात्र वर्षभरापासून थरथरतात, त्यामुळे अक्षर वेडेवाकडे आले तर त्यावरून माझ्या मनाच्या अवस्थेबद्दल कोणी निष्कर्ष काढू नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न माझ्या भावोजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, करून पाहिला. त्यांचा समाचार पुढे योग्य त्या कलमात घेतला आहे.

येत्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. हे वाक्य त्यांनी पुन्हा एकदा म्हटले, तेव्हा मी घरी येऊन वकीलसाहेबांना बोलावणे धाडले.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. एखादे निघाले तर ते खोटे समजावे आणि कोणाच्या कपाटातून निघाले ते पाहून ठेवावे.

कलम १. जागा

दुकानाच्या मागची राहती खोली, स्वयंपाकघर आणि कामाची खोली माझ्या एकटीच्या नावावर आहेत. त्या मी माझ्या भाचीला देते. भाची म्हणजे माझ्या दिवंगत ताईची एकुलती एक मुलगी. तिला घरात छकुली म्हणतात. आता ती चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांना दटावणारी बाई आहे, पण नाव चिकटले ते चिकटले. दुसऱ्या गावी ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिला इथे येऊन राहायचे नसेल तर तिने जागा खुशाल विकावी, मात्र स्वतःच्या वडिलांना विकू नये. भावोजींना मधली भिंत पाडून दुकान ऐसपैस करायचे आहे. त्या भिंतीला पाठ टेकून मी जन्मभर काम केले. ती पाडली जाणार ही कल्पना मला सहन होत नाही, मग माझ्या पश्चात का होईना.

कलम २. बँकेतली शिल्लक

अंत्यविधीचा खर्च जाऊन जे उरेल ते पॉलिशवालीला द्यावे. ती माझ्याकडे तरुणपणी कामाला आली आणि इथेच म्हातारी झाली. माझ्या प्रत्येक दागिन्याला शेवटची चकाकी तिने दिली आणि गिऱ्हाइकाने 'वा' म्हटले ते मला. तिला या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस होती. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचे नसते. तशी ती म्हणाली, "मग मला काही देऊ नका. पण सही मी करणार." तिची समजूत घालण्यात सबंध दुपार गेली. तिने हे पैसे मुलाच्या हाती देऊ नयेत. दातांचे काम करून घ्यावे.

कलम ३. हत्यारे

कामाचे टेबल, ऐरण, हातोड्या, चिमटे, कानशी, करवती आणि त्यांची पाती, फुंकणी, कर्कटक, मेणाचे सामान, असे सगळे छकुलीला.

ती म्हणेल, मला काय करायचे आहे? म्हणून इथे कारण नोंदवते. शाळेतून आली की ती दप्तर टाकून माझ्या टेबलाशी यायची. तिची आई बाहेरच्या खोलीत चित्रे काढत बसलेली असे. आमच्या धंद्यात दागिना आधी कागदावर जलरंगांत उतरवतात, गिऱ्हाईक ते पाहून हो म्हणते आणि मग कारागीर ते चित्र समोर ठेवून धातू हातात घेतो. चित्रे ताईची आणि घडवणे माझे, अशी आमची वाटणी. पोरीने दोन्ही उचलले, पण तिचा जीव करवतीत. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिघींनी मिळून तिच्यासाठी एक ब्रोच केला. उडणारा पक्षी. चित्र ताईने काढले, अंग मी घडवले आणि शेपटीची पिसे छकुलीने कापली. कापताना पाते घसरले आणि एक पीस आखूड झाले. ती रडवेली झाली. मी नवी शेपटी करायला निघाले तर ताई म्हणाली, "राहू दे. हरवला तर ओळखता येईल."

त्यानंतर काही वर्षांनी जे झाले तेही लिहिते, कारण भावोजी ते वेगळे सांगतात. ताईच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात भावोजी दुकानाचा रबरी शिक्का मारत आणि खाली स्वतःची सही ठोकत. गिऱ्हाइके त्यांची बोटे कौतुकाने पाहत. त्या बोटांनी ब्रश कधी धरला असेल तर तो दाढीचा. छकुलीला हे अजिबात खपत नसे. एकदा भर दुकानात, गिऱ्हाईक समोर बसलेले असताना, तिने चित्र उचलून आईपुढे ठेवले. "आई, हे तुझं आहे. सही तू कर," म्हणाली. मी मागच्या दारात उभी होते. ताईने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा लेकीकडे, आणि चित्र हळूच नवऱ्यापुढे सरकवले. "आमच्यात तू पडू नकोस," एवढेच बोलली. छकुलीने संध्याकाळी बॅग भरली. जाताना तिने घरातले काही नेले नाही, फक्त तो ब्रोच ओढणीला लावला.

कलम ४. चित्र

माझ्याकडे ताईच्या हातचे एक चित्र आहे. ते मी भावोजींना देते.

हे वाचून ज्यांना धक्का बसेल त्यांच्यासाठी खुलासा. हे चित्र ताईने शेवटच्या आजारात, अंथरुणात बसून काढले. कोणी मागितले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते. पूर्ण झाले त्या दिवशी तिने मला हाक मारली आणि कागद माझ्या हातात ठेवला. "हे दुकानात जाऊ देऊ नकोस. छकुली आली की दाखव," म्हणाली. दाखवून काय सांगू, ते मी विचारले. तिने डोळे मिटून घेतले. ताईला तोंडाने बोलायचा पहिल्यापासून कंटाळा. भूक लागली तरी ती ताटाचे चित्र काढील, अशी आमची आई म्हणायची.

छकुली आली ती ताई गेल्यावर. मी चित्र तिच्यापुढे ठेवले. ती कागदावर वाकली. मग मधल्या पक्ष्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा मी, ना?"

"असेल," मी म्हटले.

"बाकीचे सगळे एकीकडे निघालेत, मी एकटी उलटी. सगळ्यांवर एक उजेड, माझ्यावर वेगळाच. काळवंडलेय. मावशी, मेलेली रंगवलीय मला आईने."

"अगं, नजर गेली होती तिची."

"आईची? ती आंधळी झाली असती तरी उजेड चुकली नसती."

हे खरे होते. ती त्याच दिवशी परत गेली. वर्षातून एखादा फोन होतो. चित्राचा विषय काढला की म्हणते, "मला त्या कागदाचं तोंड बघायचं नाही." भावोजी मात्र विषय सोडत नाहीत. ताईची सगळी चित्रे दुकानाची, म्हणून हेही दुकानाचे, असा त्यांचा हिशेब. "मोतीबिंदू होता तिला, दुसरं काही नाही. मधला पक्षी सरळ करून घेऊ, हार झकास होईल," असे ते दर चार दिवसांनी ऐकवतात. ज्या मुलीला दाखवायचे होते तिला ते नको आहे. माझ्या मागे भावोजी ते नेणारच. मग माझ्या मढ्यावरून भांडणे कशाला? म्हणून देते. अट एवढीच की मधल्या पक्ष्याला कोणी हात लावू नये. अट पाळली जाईल असा माझा भ्रम नाही.

कलम ५. चित्राचे वर्णन

वकीलसाहेबांचे म्हणणे पडले की वस्तूचे नीट वर्णन द्या, नाहीतर उद्या कोणी दुसरेच चित्र पुढे करील. ते पाकिटावर मारायची लाख आणि पितळी मोहोर घेऊनच आले होते. त्यांना लवकर आटपायचे होते. मी खिडकीजवळचे टेबल रिकामे केले, चित्र ठेवले आणि लिहायला लागले.

कागद जाड, फिकट राखाडी. त्यावर गळ्यातला हार, खऱ्या मापाचा, कारण आमच्यात चित्र नेहमी मापातच काढतात, म्हणजे कारागिराला कर्कटक लावून थेट माप उचलता येते. साखळी इतक्या पातळ रंगाने काढली आहे की श्वास जोरात सोडला तर पुसली जाईल असे वाटते. साखळीवर डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन असे लहान पक्षी. चौघेही उजवीकडे उडणारे. पंखांवर निळा मीना, पिसाच्या टोकाला निळा फिकट होत पांढऱ्यात मिसळलेला. पोटाखाली पिवळसर सोने. एका पक्ष्याच्या चोचीत मोत्याचा थेंब, त्यावर ब्रशच्या एका केसाने ठेवलेला पांढरा ठिपका. आजारी बाईचा हात वाटत नाही.

मधोमध सोन्याची गोल तबकडी आणि तिच्यात पाचवा पक्षी, बाकीच्यांच्या दुप्पट मोठा. हा डावीकडे उडतो. याला मीना नाही, मोती नाही, नुसते सोने. आणि याच्यावरचा उजेड उलट आहे. दागिन्याच्या चित्रात उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो, सावली उजवीकडे खाली पडते. हे नियम म्हणून कोणी शिकवत नाही, ते हातात बसते. सगळे चित्रकार आणि सगळे कारागीर तेच धरून चालतात, म्हणून तर सपाट कागद पाहून आम्हाला उंचवटा कळतो. मधल्या पक्ष्याची डावी बाजू काळी आणि उजवी बाजू उजळ आहे. शिवाय चार लहान पक्ष्यांची सावली कागदावर पडली आहे, याची पडलेलीच नाही.

एवढे लिहून झाले आणि चष्मा पुसायला मी मान वर केली. वकीलसाहेबांनी कंटाळून त्यांची मोहोर चित्राशेजारी उताणी ठेवली होती. पितळेत खोल कोरलेली अक्षरे, सगळी उलटी. खिडकी माझ्या डाव्या हाताला होती. मोहोरेतल्या प्रत्येक अक्षराची डावी कड अंधारात होती आणि उजवी कड चमकत होती.

मी मोहोर पाहिली, चित्र पाहिले, पुन्हा मोहोर पाहिली. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का?" मी त्यांना गप्प बसायला सांगितले. त्याबद्दल त्यांनी मला माफ करावे.

खड्ड्यात उजेड असाच पडतो. डावीकडून येणारा उजेड खड्ड्याच्या डाव्या भिंतीवर पडत नाही, समोरच्या उजव्या भिंतीवर पडतो. आणि खड्डा तबकडीच्या आत असतो, त्याची सावली बाहेर कशी पडणार? ताईने उजेड बदललाच नव्हता. पाचही पक्ष्यांवर तोच डावीकडचा उजेड आहे. मधला पक्षी वर आलेला नाही, तो आत रुतलेला आहे. मऊ मेणावर दागिना दाबून उचलला की जो ठसा राहतो, तो तिने काढला होता. आम्ही सगळे उंचवटा समजून तो पाहत होतो, कारण हारातला पक्षी वर आलेला असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. भावोजी दुकानदार आहेत, त्यांचे सोडा. पण मी आणि छकुली मेणात हात घालून वाढलेल्या.

ठसा नेहमी उलटा येतो. म्हणून मी गिऱ्हाइकांचा आरसा आणला आणि चित्रापुढे धरला. आरशात मधल्या पक्ष्याचे तोंड उजवीकडे झाले. शेपटीत एक पीस आखूड होते.

तो छकुलीचा ब्रोच होता. मी कर्कटक काढून माप घेतले, दोन्ही हातांनी घ्यावे लागले. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत मी घडवला तेवढाच.

मी रडले. वकीलसाहेबांनी पाणी आणून दिले आणि मोहोर खिशात घातली. त्या दिवशी मृत्युपत्र पुरे झाले नाही.

कलम ६. कलम ४ रद्द

कलम ४ मी या कलमाने रद्द करते. वकीलसाहेब म्हणाले, सगळे नव्याने लिहून काढा, खोडाखोड दिसायला बरी नाही. मी लिहून काढणार नाही. मी काय करायला निघाले होते ते दिसलेले बरे. चित्र भावोजींना नाही. त्यांना मी माझी आरामखुर्ची देते, त्यांची कंबर खरोखरच दुखते. ते ताईच्या उशाशी शेवटपर्यंत बसले होते हेही इथे नोंदवते, म्हणजे कागद एकतर्फी होणार नाही.

आता अर्थाचे. हार करायचा तर ठशात तो ब्रोच बसवता येणार नाही. बसवला तर पालथा बसेल आणि मागची टाचणी दिसेल. ताईला हे कळत होते. तेव्हा हा गिऱ्हाइकाने घालायचा हार नाही. मग काय आहे? उशीवरून डोके उचलल्यावर खळगा राहतो तसे, लेक उठून गेली आणि घरात तिची जागा तशीच राहिली, असे मला वाचता येते. दुसऱ्या दिवशी मला वाटते, मी म्हातारी बाई मला हवे ते वाचते आहे. ताईला विचारायची सोय नाही. पण दोन गोष्टी मी शपथेवर सांगते. ताई चुकली नव्हती. आणि तिने पक्षी मेलेला रंगवला नव्हता.

मी छकुलीला फोन लावला. मोहोर, खड्डा, आरसा, सगळे सांगितले.  

"छकुली, तो ब्रोच घेऊन ये एकदा. मापाला लावून बघू."

"मावशी, तो नाहीये."

"हरवला?"

"वितळवला. चित्र बघून घरी आले ना, त्याच आठवड्यात. मीच. भांडं घेतलं, गॅसवर होईना म्हणून एका ओळखीच्याकडे जाऊन भट्टीत घातला." मग म्हणाली, "मला वाटलं आईनेच मला संपवलंय, तर मी काय सांभाळत बसू."

 मी म्हटले, "सोनं काय केलंस?"

"आहे. गोळी झालीय. डब्यात ठेवलीय, विकवलं नाही." मग तिने विचारले, "ते आखूड पीस... तेही काढलंय तिने?"

"काढलंय."

"नक्की? बघून सांग."

मी उठून पाहिले, जणू काही ते एवढ्यात पुसले गेले असते. "आहे," मी म्हटले. मग तिला रडू आवरेना आणि मलाही. पॉलिशवाली आतून धावत आली.

शेवटी तिने विचारले, "आता काय उपयोग, मावशी?" तेव्हा माझ्यातली कारागीर जागी झाली. मी म्हटले, "अगं, ठसा आहे ना शिल्लक. ठशातून वस्तू पुन्हा निघते. तुला शिकवलंय मी." हे ताईच्या मनात असणे शक्य नाही, तिला वितळवल्याचे कुठे ठाऊक होते? तेवढे खोटे श्रेय मी तिला देत नाही. पण मापात काढलेले आहे. प्रत्येक पीस आहे.

कलम ७. चित्र, पुन्हा

चित्र छकुलीला. त्यावर दुकानाचा शिक्का नाही आणि कोणी मारू नये.

घडवायचे तर कसे, ते लिहून ठेवते. आधी मेणात तबकडी करावी आणि पक्षी आत कोरावा. डावी कड उभी ठेवावी, उजवी कड उतरती, म्हणजे उजेड तिथे टिकतो. घाई करू नये. माझे हात आता या कामाचे राहिले नाहीत, तिचे आहेत. ठसा झाल्यावर डब्यातल्या सोन्याचा पक्षी त्यातून काढायचा, की ठसा रिकामाच ठेवायचा, हे तिने ठरवावे. भावोजी सल्ला देतील. तो ऐकून घ्यावा, वडील आहेत. तसे मात्र करू नये. आणि काहीच घडवायचे नसेल तर कागद भिंतीला लावावा आणि उजेड कुठून येतो ते मुलांना दाखवावे.

फोन ठेवताना तिने शस्त्रक्रियेचा वार विचारला. मी सांगितला. "सुट्टी मिळते का बघते," म्हणाली. येते असे म्हणाली नाही. मीही आग्रह केला नाही. आग्रह केला की ती उलटी जाते, हा गुण तिच्या आईचा. तेव्हापासून दाराची बेल वाजली की मी उठते. कधी दूधवाला असतो, कधी भावोजी.

ती शस्त्रक्रियेआधी आली आणि चित्र माझ्या हातून घेऊन गेली, तर माझ्या पश्चात द्यायला चित्र उरणार नाही आणि हे कलम आपोआप निरर्थक ठरेल. वकीलसाहेब म्हणतात, बाई, निरर्थक ठरेल असे कलम शहाणा माणूस लिहीत नाही. मी त्यांना म्हटले, साहेब, ते निरर्थक ठरावे एवढ्यासाठीच मी ते लिहिते आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, थरथर धरून.

लिहून देणारी: (सही)
दागिने घडवणारी

आम्ही एकमेकांसमक्ष बाईंना सही करताना पाहिले:

साक्षीदार १: (सही) शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे
साक्षीदार २: (सही) वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका, सेवानिवृत्त

ठिकाण: कामाची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर, सोमवार